अकरा सामन्यांचे हॉलिस

हॉलिस जाऊन तीन महिने झाले. ब्याण्णव वर्षांचे होते. त्यांच्या मुलीचा, कॅरोलचा, मला ईमेल आला होता: "तुम्ही बाबांचे दहा वर्षांचे शेजारी. फ्युनरलमध्ये वाचायला चार ओळी लिहून द्याल का?" मी दिल्या. बऱ्या जमल्या होत्या. बागेत रमणारा माणूस, शब्दाचा पक्का, चहाला कधीही जावं असं घर, वगैरे. लोकांना आवडल्या असं कॅरोलने नंतर कळवलंही. त्या ओळींत खोटं काही नव्हतं. जे सांगायला हवं होतं तेवढंच नेमकं नव्हतं. ते आज इथे लिहितोय. मराठीत लिहितोय, म्हणजे कॅरोलला वाचता येणार नाही, हेही मला कळतं. तेवढा भित्रा मी अजून आहेच.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आम्ही घर घेतलं; हॉलिस यांच्या आणि आमच्या घरांत एक भिंत सामाईक होती. पहिल्याच दिवाळीत स्वातीने, म्हणजे माझ्या बायकोने, फराळाचं ताट माझ्या हातात देऊन मला शेजारी पिटाळलं. दार उघडलं ते सहा फुटांच्या वर उंची असलेल्या, ऐंशी पार केलेल्या पण खांबासारख्या ताठ माणसाने. डाव्या हाताची दोन बोटं वेडीवाकडी बसलेली. बोलणं ऐकून मी विचारलं, "तुम्ही अमेरिकन का?"

"जन्माने," ते म्हणाले. "तिकडे बेसबॉल खेळायचो."

"प्रोफेशनल?"

"नऊ सीझन. त्यात सगळ्यात वरच्या लीगमध्ये सामने अकरा. हिट चार. त्या चारांमुळे आमची टीम एकदाही जिंकली नाही."

अनोळखी माणसापाशी, हातात करंज्यांचं ताट असताना, कोणी स्वतःची अशी ओळख करून देतं का? आमच्या पुण्यात रणजीच्या निवड चाचणीला नुसता जाऊन आलेला माणूस पुढची तीस वर्षं त्यावर काढतो. मला वाटलं, विनय आहे. विनय नव्हता, तो काटेकोरपणा होता. दुसऱ्या दिवशी ताट परत करायला आले ते परसातले टोमॅटो घेऊन, आणि स्वातीला म्हणाले, "ते अर्धचंद्र उत्तम होते. ते काटेरी वेटोळं मात्र मला चाववलं नाही." चकलीचा असा अपमान आमच्या घरी कोणी केला नव्हता. स्वाती दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पण खरंच कडक झाल्या होत्या रे."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "जेवढं होतं तेवढंच." ते इंग्रजीत म्हणायचे, पण मला ते आता मराठीतच ऐकू येतं. दुकानात पोरगी म्हणाली, "तुम्ही सत्तरीचे वाटता," तर हे तिला जन्मतारीख सांगायचे. बायको मॉरीन गेली तेव्हा चर्चमध्ये उभं राहून म्हणाले होते, "मॉरीनसारखी बाई मला दुसरी भेटली नाही. सकाळी दहाच्या आधी मात्र तिच्याशी बोलण्यात अर्थ नसे." अख्खं चर्च रडता रडता हसलं, असं कॅरोल सांगायची. अकरा सामने आणि चार हिट हे तर तिचं अंगाईगीतच होतं. शाळेत कोणी बापांबद्दल बढाया मारू लागलं की तिची पंचाईत व्हायची, कारण तिला घरून बढाई मारायला परवानगी नव्हती.

बेसबॉलमध्ये ते आउटफिल्डर होते. म्हणजे आपल्या क्रिकेटच्या भाषेत पार सीमारेषेकडे उभा राहून उंच उडालेले चेंडू पकडणारा माणूस. आणि हिट म्हणजे चेंडू मारून निदान पहिला टप्पा सुखरूप गाठणं. मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या गावातून अठराव्या वर्षी त्यांना कोणीतरी उचललं, आणि पुढची नऊ वर्षं ते लहान लहान लीगमधून, गळक्या बसमधून, कधी एका दिवसात सातशे मैल फिरत खेळले. मध्ये दोन वर्षं सैन्यात गेली, त्यात इंग्लंडला पोस्टिंग, त्यात मॉरीन. खेळ संपल्यावर मॉरीनची आई आजारी पडली म्हणून दोघं सहा महिन्यांसाठी रीडिंगला आली ती साठ वर्षं राहिली. इथल्या बिस्किटांच्या कारखान्यात हॉलिस गोदाम सांभाळायचे. बेसबॉल कोणाला कळत नव्हता आणि ते कोणाला समजावत नव्हते. फक्त दर उन्हाळ्यात जवळच्या प्राथमिक शाळेत एक तास जाऊन मुलांना तो जुना चामड्याचा ग्लव्ह घालायला द्यायचे. त्या एका तासाची ते मेपासून वाट बघायचे, शर्टाला इस्त्री करून ठेवायचे.

आमच्या मराठी मंडळाची क्रिकेट टीम रविवारी घराजवळच्या मैदानावर खेळायची. टीम म्हणजे आम्ही सगळे आयटीवाले, पोटं सुटलेले, झेल सोडण्यात तरबेज. हॉलिस बाकावर बसून थर्मासमधली कॉफी पीत बघायचे. एका रविवारी माझ्या हातून ओळीने तीन झेल सुटले. ते उठले, हळूहळू चालत आले आणि म्हणाले, "तू चेंडू बघत बसतोस. आधी ऐक."

त्यांनी आम्हा सहाजणांना बॅट्समनकडे पाठ करून उभं केलं. बॅटचा आवाज ऐकून सांगायचं, चेंडू पुढे पडणार की मागे. आम्ही हसलो. आमचे अध्यक्ष दिलीप गोगटे म्हणाले, "अरे मिलिंद, हे काय, आंधळी कोशिंबीर?" पण चार रविवारांनी मला खरंच ऐकू यायला लागलं. भरीव ठोका आणि पोकळ ठोका यातला फरक. भरीव असला की बघायचंच नाही, वळायचं आणि पळायचं, चेंडू जिथे येणार तिथे आधी जाऊन उभं राहायचं. त्या वर्षी आम्ही वॉटफर्डच्या मंडळाला हरवून आंतरमंडळ चषक जिंकला. फायनलमध्ये मी सीमारेषेवर उलटा पळून झेल घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी खांद्यावर घेतलं. हॉलिस म्हणाले, "चांगला होता. दोन पावलं उशिरा निघालास."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या अकराव्या सामन्याची गोष्ट सांगितली. पुढे पडणारा चेंडू त्यांनी धावत येऊन सूर मारून पकडला. पंचाने बाद दिलं. पण चेंडू ग्लव्हमध्ये यायच्या आधी गवताला टेकला होता, आणि ते फक्त यांना माहीत होतं. हे उठले आणि पंचाला म्हणाले, नाही, टेकला. बेसबॉलमध्ये असं कोणी करत नाही. कोच तोंडातली तंबाखू थुंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी यांना खालच्या लीगचं तिकीट मिळालं. पुन्हा वर बोलावणं आलं नाही.

माझे डोळे भरून आले. "म्हणजे खरं बोललात म्हणून करिअर गेलं!"

"नाही नाही," हॉलिस जवळजवळ चिडून म्हणाले. "वळणारा चेंडू मला मारता येत नव्हता म्हणून गेलं. ते तिकीट आदल्या दिवशीच निघालं असणार. उगाच गोष्ट करू नकोस त्याची."

मी गोष्ट केली. तीच तर माझी खोड. मी मंडळाचा चिटणीस होतो, आणि मंडळात 'मिलिंदची लेखणी' म्हणून माझा दबदबा होता. चषक मिळाला, तेव्हा स्नेहसंमेलनात हॉलिस यांचा सत्कार करायचा असं ठरलं. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र अर्थातच माझ्याकडे.

आता मानपत्राची आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मानपत्रात बँकेतला कारकून अर्थतज्ज्ञ होतो आणि दोन कविता छापून आलेला महाकवी. ऐकणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्याला माहीत असतं, आणि सत्कारमूर्ती खाली मान घालून ऐकून घेतो. मी हॉलिसना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. अमेरिकन बेसबॉलच्या नभांगणातला तेजस्वी तारा. शेकडो सामने गाजवणारा. विजेत्या संघाचा आधारस्तंभ. सत्यासाठी कीर्तीवर पाणी सोडणारा. मराठीत ते वाचताना मला काहीही खटकलं नाही.

इथवरही ठीक होतं. पण मंडळाचं नाव स्थानिक साप्ताहिकात यावं अशी गोगट्यांची फार इच्छा. म्हणून मी इंग्रजीत प्रेसनोट केली, आणि ती केली आपल्या रीतीने, म्हणजे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. वडील पुण्यात एका संस्थेचे कार्यवाह होते, त्यांना मी लहानपणापासून असंच करताना बघितलं होतं. 'अमुक यांच्या हस्ते सत्कार झाला. सत्काराला उत्तर देताना ते म्हणाले...' आणि पुढे त्यांनी काय म्हणायला हवं ते आपणच लिहायचं. कार्यक्रम व्हायच्या आत बातमी पोचली पाहिजे ना. मी लिहिलं: सत्काराला उत्तर देताना हॉलिस म्हणाले, "आमच्या विजेत्या संघासाठी मी शेकडो सामने खेळलो, पण आजच्या एवढा आनंद मला तेव्हाही झाला नव्हता." वाक्य मला फारच आवडलं. मी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी हॉलिस खरोखर जे बोलले ते एवढंच: "अकरा सामने, चार हिट. या माणसांना आवाज ऐकायला शिकवलं, ते ऐकू लागले. शाल उबदार आहे. थँक यू." टाळ्या थांबेनात. मानपत्र मी मराठीत वाचलं होतं, त्यामुळे त्यातलं त्यांना अवाक्षर कळलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात साप्ताहिकात फोटोसकट बातमी आली. माझं वाक्य, त्यांच्या तोंडी, ठळक अक्षरात.

त्याच्या पुढच्या आठवड्यात वाचकाचं पत्र आलं. या गावात अमेरिकन बेसबॉलचा नाद असलेला एक निवृत्त गृहस्थ राहतो हे मला काय माहीत! त्याने नोंदी काढल्या होत्या. अकरा सामने, विजेतेपद वगैरे काही नाही. पत्राचा शेवट असा होता की, न मिळालेली पदकं छातीवर लावून मिरवणाऱ्या लोकांत आणि या गृहस्थांत काय फरक आहे? आणि अशा माणसाला आपण दरवर्षी शाळेत मुलांसमोर उभं करतो का?

मला ते पत्र ऑफिसच्या कँटीनमध्ये फोनवर दिसलं. मी पटकन फोन उपडा ठेवला, जणू शेजारचा माणूस ते वाचेल आणि त्याला कळेल. त्याच दुपारी साप्ताहिकातल्या बाईंचा ईमेल आला: ते वाक्य हॉलिस प्रत्यक्ष बोलले होते का, एवढं कन्फर्म कराल?

मी गोगट्यांना फोन केला.

"काही रिप्लाय करू नकोस," ते म्हणाले. "अरे, आपण म्हटलं की ते क्वोट आम्हीच बनवलं, तर काय इम्प्रेशन जाईल? इंडियन लोक असेच, म्हणतील. मंडळाची झाकली मूठ राहू दे. टू वीक्समध्ये सगळे विसरतात."

स्वाती म्हणाली, "मिलिंद, एक ईमेल आहे फक्त. तीन लायनी. 'क्वोट मी लिहिलं, ही नेव्हर सेड इट.' लिही आणि सेंड कर."

"उद्या करतो."

"आत्ता कर."

मी केलं नाही. मला नोकरीची भीती नव्हती, व्हिसाचा प्रश्न केव्हाच मिटलेला. मला फक्त लाज वाटत होती. चाळिशी उलटलेला माणूस, टीम लीड, दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं घालतो, हे त्या बाईंना इंग्रजीत कसं समजावायचं? आमच्याकडे अशी पद्धत आहे, असं सांगायचं? मी रोज तो ईमेल उघडायचो, 'डिअर' लिहायचो आणि बंद करायचो. मग एक दिवस तो उघडणंही बंद केलं.

शाळेचं पत्र हॉलिसना मे महिन्यात आलं. यंदा वेळापत्रकात जागा नाही. शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता, मी स्वतः बघितला. त्यांनी ते पत्र मला दाखवलं, घडी घातली आणि टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावायला गेले. मला काही विचारलं नाही. एकदाही नाही. मानपत्राची फ्रेम, त्यावर खाली माझ्याच हातचं इंग्रजी भाषांतर, त्यांच्या हॉलमध्ये खुंटीवर लटकत होती. चष्मा लावून त्यांनी ती केव्हातरी वाचलीच असणार. सगळं त्यांना कळलं होतं. आणि मी रोज कुंपणावरून "हाऊ आर यू?" विचारत होतो.

जूनमध्ये कॅरोल लीड्सहून आली. तिच्या मैत्रिणीने तिला ती बातमी आणि ते पत्र, दोन्ही पाठवलं होतं. हॉलिसनी मला चहाला बोलावलं होतं. मी गेलो कारण न जाणं विचित्र दिसलं असतं. कॅरोलने कात्रण टेबलावर ठेवलं.

"बाबा, हे तुम्ही म्हणालात?"

मी कप उचलला होता. आता, मला वाटलं. आता ते सांगतील, आणि बरंच होईल, सुटेन मी एकदाचा. हॉलिसनी कात्रण उचललं, लांब धरून वाचलं. मग बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

"म्हटलं असेन," ते म्हणाले. "एवढी माणसं टाळ्या वाजवत होती. म्हातारा माणूस, वाहवत जातो."

साठ वर्षांत ज्या माणसाने चाराच्या पाच हिट केल्या नाहीत, त्याने ते सांगितलं. स्वतःच्या मुलीला. माझ्यासमोर. मी बिस्किट घेतलं. तेही खाल्लं. काय चव होती ते आठवत नाही, पण खाल्लं एवढं आठवतं, आणि ते आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कॅरोल रागावली असती तर बरं झालं असतं. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि थोपटला, लहान मुलाला थोपटतात तसा. मी निघालो तेव्हा ती माझ्यामागून दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबांनी असं आयुष्यात केलं नाही. हे असंच सुरू होतं ना? माणूस बदलतो, न घडलेल्या गोष्टी सांगायला लागतो. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं. तुम्ही रोज बघता त्यांना. तुम्हाला काही जाणवलंय?"

दाराची फट उघडी होती. आत हॉलिस कप विसळत होते, नळाचा आवाज येत होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं. स्वातीने सांगितलेलं.

मी म्हणालो, "हो. हल्ली थोडं विसरतात."

असं का म्हणालो? कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत होतो की घाईत तोंडून गेलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. तसं नव्हतं. त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं होतं की ते विसराळू ठरले तर माझं वाक्य कायमचं त्यांचं होईल. हे मी नीट समजून बोललो.

ऑगस्टमध्ये कॅरोलने लीड्सजवळ तिच्या घरापासून दहा मिनिटांवरचं केअर होम ठरवलं. हॉलिसनी वाद घातला नाही. मंडळातले आम्ही चौघे सामान उचलायला गेलो. गोगटेही आले होते. खोकी उचलताना कुजबुजले, "बरं झालं बाबा, या वयात एकटं राहणं रिस्कीच." मी खोकं गाडीत ठेवलं. स्वाती आली नाही. तिने डबा करून दिला होता आणि म्हणाली होती, "तू दे. मला त्यांच्या फेसकडे बघवणार नाही." तिला मी सगळं सांगितलं होतं. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

कॅरोल घरात शेवटची फेरी मारत होती, खिडक्या बघत होती. हॉलिस गाडीत पुढच्या सीटवर बसले होते, पट्टा लावून, नेहमीसारखे ताठ. मी डबा दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि काच आणखी खाली केली.

"कॅरोलला वाटतं माझं डोकं चालत नाही," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"तुला माहीत आहे ना, चालतंय ते?"

"हो."

"मग ठीक आहे. एकाला तरी माहीत असावं."

त्यात टोमणा नव्हता. मी अजूनही शोधतो, त्यात कुठे टोमणा होता का. असता तर मला जरा सोपं गेलं असतं.

कॅरोल बाहेर आली. दार ओढून कुलूप लावलं, दोनदा ढकलून बघितलं. मग माझ्याजवळ येऊन तिने मला मिठी मारली, आणि उघड्या काचेपासून हातभर अंतरावर उभी राहून म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला खरं सांगितलंत. फार आभार. नाहीतर त्यांना इथून हलवायचं माझं मन झालं नसतं."

हॉलिसनी ते ऐकलं. ते समोर बघत होते, रस्त्याकडे. कॅरोलने गाडी सुरू केली आणि ते गेले. मी फुटपाथवर उभा राहून हात हलवत होतो.